हर्ट्झची तारांची चौकट

विजेच्या लहरी प्रकाशाच्याच जातीच्या असल्या पाहिजेत, हें मॅक्सवेलनें १८६५ सालीं गणितानें मांडलें होतें. प्रकाशाचें ध्रुवण होतें. मग या लहरींचेंही व्हावयास नको काय? १८८८ सालीं कार्ल्सरूहे येथें हाइनरिख हर्ट्झ यानें तेंच तपासलें.

त्याच्या प्रेषकाच्या उभ्या दांड्यांत वीज खालींवर आंदोलत असे. म्हणून लहरींतील विद्युत्-बलही उभेंच राही. समोरची ग्राहक तार उभी असतां तिच्या फटींत ठिणग्या पडत. आडवी करतांच नाहींशा होत.

मग त्यानें २ मीटर उंचीची अष्टकोनी चौकट मध्यें ठेवली. तींत ३ सेंटिमीटरांच्या अंतरानें तांब्याच्या तारा ताणलेल्या होत्या. श्रोत्यांस वाटेल कीं, उभ्या गजांतून उभी काठी सरकते, तशीच ही लहर जाईल. घडलें उलट ! उभ्या तारांनीं ती अडविली. आडव्यांतून ती निर्वेध गेली. कारण बलाच्या दिशेनें असलेल्या तारांतच वीज खेळूं लागते, आणि लहर परत फेकली जाते.

खरें नवल पुढेंच आहे. ग्राहक तार आडवी, ठिणगी बंद. अशा वेळीं चौकटीच्या तारा ४५ अंशांनीं तिरप्या करतांच ठिणग्या पुन्हां दिसूं लागल्या. तारांच्या दिशेचा बलाचा भाग अडला होता. पार गेलेल्या तिरप्या भागाला आडवें अंग होतें. एकमेकांस काटकोनांत धरलेल्या दोन टुर्मलिन स्फटिकांमध्यें तिसरा तिरपा घातला असतां प्रकाशही असाच पलीकडे पोहोंचतो.