मर्लिन एंजिनाच्या माथ्याची कथा

युद्धाचा इतिहास वाचतांना सेनापतींचीं आणि वैमानिकांचीं नांवें पुढें येतात. कारखान्यांत राबणाऱ्यांचीं मागें राहतात. १९४० सालच्या उन्हाळ्यांत इंग्लंडच्या आकाशांत जर्मन विमानदळाशीं जी झुंज झाली, तिचें श्रेय हरिकेन आणि स्पिटफायर या दोन विमानांस दिलें जातें. या दोन्ही विमानांचें एंजिन मात्र एकच होतें, आणि तें म्हणजे रोल्स-रॉइस कंपनीचें मर्लिन. हें एंजिन वेळेवर तयार होतें कीं नाहीं, असा प्रसंग युद्धापूर्वीं तीन वर्षें ओढवला होता; आणि त्याचें मूळ होतें एंजिनाच्या माथ्यांत.

मर्लिनच्या आधीं या कंपनीचें केस्ट्रेल नांवाचें बारा नळकांड्यांचें एंजिन यशस्वी ठरलें होतें. त्याच्या नळकांड्याचा व्यास ५ इंच आणि पिस्टनची धांव साडेपांच इंच होती. याहून बलवान एंजिन लागेल हें ओळखून सर हेन्री रॉइस यांनीं सरकारी पैशाची वाट न पाहतां नवें एंजिन कंपनीच्या खर्चानें हातीं घेतलें. तें चाललेलें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. एप्रिल १९३३ मध्यें ते वारले आणि ऑक्टोबरांत एंजिन प्रथम सुरू झालें. त्याचा व्यास ५.४ इंच, धांव ६ इंच, आणि एकंदर धारणा केस्ट्रेलच्या सुमारें २१ लिटरांऐवजीं २७ लिटर होती.

व्यासांतली वाढ अर्ध्या इंचाचीहि नव्हे. परंतु वर्तुळाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानें वाढतें. म्हणून नळकांड्याचें तोंड सुमारें एक षष्ठांशानें मोठें झालें. मोठ्या पातेल्यावर लहान पातेल्याचें झांकण बसत नाहीं, हें स्वयंपाकघरांतहि सर्वांस ठाऊक असतें. एंजिनाच्या बाबतींत मात्र मोठें झांकण ओतून घेतलें तरी काम संपत नाहीं. ज्याला कारखान्यांत सिलिंडर-हेड म्हणतात, तें नुसतें झांकण नव्हे. इंधन जळतें त्या दालनाचें तेंच छत; झडपा त्यांतच, ठिणगी त्यांतच, थंड द्रवाचे मार्गहि त्यांतच. दालनाचें आकारमान बदललें कीं मिश्रण किती दाबलें जातें याचा हिशेब बदलतो. तोंड रुंद झालें कीं ज्योतीला दूरच्या कोपऱ्यापर्यंत पोंचण्यास अधिक वेळ लागतो. ती पोंचण्यापूर्वींच तेथील मिश्रण आपोआप भडकलें, तर पिस्टनला हादरा बसतो आणि धातु फुटतो.

मर्लिनच्या रचनाकारांनीं या अडचणीवर नवा उपाय योजिला. आंत येणाऱ्या मिश्रणाच्या झडपा त्यांनीं ४५ अंशांत तिरप्या बसविल्या आणि दालनाचें छत उतरतें केलें. मिश्रण भोंवऱ्यासारखें ढवळलें जाईल आणि झपाट्यानें जळेल, ही त्यांची अपेक्षा. कागदावर ही कल्पना सुरेख होती. पण पूर्ण आकाराच्या एंजिनांत तिनें दगा दिला. माथ्यांना भेगा पडूं लागल्या, जळका वायु बाहेर सोडणाऱ्या झडपा निकामी होऊं लागल्या. मार्च १९३६ मध्यें शंभर तासांच्या लष्करी कसोटींत एंजिन नापास झालें. त्याच महिन्यांत स्पिटफायरचा पहिला नमुना मर्लिनवरच उडाला, आणि जूनमध्यें सरकारनें ६०० हरिकेन विमानांची मागणी नोंदविली. विमानें ठरलीं, पण त्यांचें एंजिन भरवशाचें नव्हतें!

अशा वेळीं कंपनीनें नव्या कल्पनेचा मोह सोडला. केस्ट्रेलचें जुनें, सरळ उभ्या झडपांचें माथें घेऊन तेंच मोठ्या व्यासाच्या मापानें वाढविण्यांत आलें. तिरप्या माथ्याचीं एंजिनें अवघीं १७२ तयार झालीं. मर्लिन-२ या नांवानें बाहेर पडलेलें नवें एंजिन सरळ माथ्याचें होतें. मात्र या निर्णयाची किंमत द्यावी लागली. माथ्याची ठेवण बदलतांच हरिकेनच्या नाकाडाची रचनाहि बदलणें भाग पडलें आणि कारखान्यांतून निघालेलें पहिलें हरिकेन १२ ऑक्टोबर १९३७ रोजीं उडालें. वर्षअखेरीस तीं विमानें प्रत्यक्ष सैनिकी तुकडीच्या हातीं पडलीं. युद्धास त्या वेळीं दोन वर्षेंहि उरलीं नव्हतीं.

जुन्या माथ्याबरोबर एक जुनें व्यंगहि परत आलें. केस्ट्रेलप्रमाणें यांतहि माथें आणि नळकांड्यांचा ठोकळा एकाच ओतकामांत होता, आणि आंतील अस्तराच्या वरच्या सांध्यांतून थंड द्रव झिरपे. दोन्ही भाग वेगळे ओतून बोल्टांनीं जोडण्याची रचना इंग्लंडांत आंखली गेली. परंतु विमानांची निकड इतकी होती कीं चालू उत्पादन थांबवून सांचे बदलण्यास उसंत मिळेना. अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें १९४१ मध्यें मर्लिन बनविण्यास आरंभ केला, तेव्हां तिला नव्यानेंच सुरुवात करावयाची असल्यामुळें तिनें ही दुहेरी रचना आधीं उचलली. इंग्लंडचीं एंजिनें तिच्या मागून गेलीं.

या कथेचा एक धागा आपल्या देशापर्यंतहि येतो. १९४४ सालीं इंफाळच्या लढाईंत हिंदी हवाई दलाची पहिली तुकडी अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखालीं झुंजली, ती हरिकेन विमानांवर आणि मर्लिनच्याच बळावर. तिरप्या झडपांचा हट्ट १९३६ मध्यें सोडला नसता, तर तीं विमानें कितपत टिकाव धरतीं याची शंकाच आहे. नवी कल्पना चुकली हें वेळीं कबूल करून सिद्ध झालेल्या जुन्या रचनेकडे वळणें, आणि तिचें व्यंग पत्करून पुढें तेंहि सावकाश दूर करणें, एवढ्या सध्या शहाणपणावर त्या यंत्राचें यश उभें होतें.