दोन गंधर्व आणि एक तबकडी

आमच्या जळगावच्या जुन्या माणसांना एक खोड होती. बालगंधर्वांचा विषय निघाला, की "नारायण मूळचा आमचा!" असे म्हणून ती पानाला चुना लावू लागत. पुण्याचा पाहुणा असला तर तो हसे. नारायण श्रीपाद राजहंस जन्मले १८८८ साली, नाट्यसृष्टीत आले ते किर्लोस्कर मंडळीतून, गाजले पुण्या-मुंबईत. यात जळगाव आले कुठून? पण खोडीला आधार होता. लहानपणी काही काळ नारायण शिकायला म्हणून जळगावी राहिला होता आणि गाण्याचे पहिले धडे त्याला मिळाले ते तिथल्या मेहबूबखाँसाहेबांकडे. त्या वेळी सारा खानदेश एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे. पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली ती १९०६ साली. तेव्हा "आमच्या जिल्ह्यातला" म्हणण्याचा हक्क धुळेकरांनाही पोचतो, आणि ते तो सोडत नाहीत.

माझे आजोबा या खोडकरांपैकी पहिल्या रांगेतले. त्यांच्यापाशी बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या होत्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे गाणे, की लागलीच सुई खरखरू लागे. ज्या पदाला नाट्यगृहात वन्समोअरवर वन्समोअर मिळायचे, ते तेवढ्या वेळात कोंबलेले! तरी आजोबा ऐकताना डोळे मिटून घेत. आम्हां पोरांना वाटे, म्हातारा झोपला. खरखर सुरू झाली, की मात्र ते डोळे न उघडता म्हणत, "सुई उचल रे."

अशा घरात एक दिवस बातमी आली, की धुळ्याच्या मामांनी बालगंधर्वांच्या पदांची नवी, मोठी तबकडी आणली आहे. पण गाणारे बालगंधर्व नव्हेत, कुमार गंधर्व! तबकडीचे नाव 'मला उमजलेले बालगंधर्व'. आजोबांनी पत्र दोनदा वाचले आणि म्हणाले, "उमजायचे काय आहे त्यात? ऐकायचे असते."

त्यांचा राग मला पुढे समजला. कुमारांनी हा कार्यक्रम १९६५ साली प्रथम केला, तेव्हा बालगंधर्व हयात होते. वय सत्त्याहत्तर, शरीर थकलेले. ते गेले १५ जुलै १९६७ रोजी. जिवंत माणसाची गाणी त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने गावीत आणि वर 'मला ती अशी उमजली' म्हणावे, हे पुष्कळांना रुचले नव्हते. नक्कल केली असती तर कदाचित कोणी बोलले नसते! नक्कल हा भक्तीचाच प्रकार आपण मानतो. उमजणे म्हणजे आगाऊपणा.

आणि गंमत अशी, की नक्कल करण्यात या कुमारांचा हात धरणारा कोणी नव्हता. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा कानडी मुलगा सातव्या-आठव्या वर्षी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐके आणि तशाच्या तशा म्हणून दाखवी. एका मठाच्या स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटले. लहान नारायणाला लोकमान्यांनी 'बालगंधर्व' म्हटल्याची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. दोघांनाही गंधर्वपण बालपणीच चिकटले. पण एकाला स्वतःच्या गळ्यामुळे आणि दुसऱ्याला इतरांचे गळे घेण्यामुळे. पुढे मुंबईला देवधर मास्तरांनी या मुलाला शिकवताना, तबकडीत जे आहे ते आले म्हणजे गाणे आले असे नव्हे, हे त्याच्या मनात उतरवले असावे.

मग क्षय झाला. १९४८ च्या जानेवारीत कुमार माळव्यात देवासला आले ते हवापालटासाठी. गाण्याला बंदी. एक फुप्फुस जवळजवळ निकामी. पाच-एक वर्षे हा माणूस बिछान्यात पडून खिडकीबाहेरच्या बायकांची, भिकाऱ्यांची, लग्नाघरची माळवी गाणी ऐकत होता. स्ट्रेप्टोमायसीनने तो उठला, आणि उठला तो त्या लोकधुनांतून नवे राग घेऊनच. ज्याने एके काळी तबकड्या तंतोतंत म्हटल्या, त्याने बेचाळिशीच्या उंबऱ्यावर बालगंधर्वांना हात घातला तो अशा अवस्थेत. बालगंधर्वांचा दमसास लांब, तानेला सांधा दिसायचा नाही. कुमारांचा श्वास आखूड. सूर फेकायचा, थांबायचे, पुन्हा उचलायचा. त्या लांब वस्त्राचे त्यांनी तुकडे केले असे टीकाकार म्हणत. मला वाटते, त्यांनी शिवण उसवून कापड उजेडात धरले.

कारण ते कापड तरी कोठले होते? 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले, तेव्हा गोविंदराव टेंब्यांनी त्यात पूरबकडच्या ठुमरी-गझलांच्या चाली घेतल्या. १९१६ च्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून चाली दिल्या. म्हणजे खाडिलकरांचे शब्द, घराण्यांची बंदिश आणि त्यावर नारायणरावांचा गळा. तेही परक्या चाली उमजूनच गायले होते! फरक इतकाच, की ते शालू नेसून, रुक्मिणी होऊन गात. कुमार दोन तंबोऱ्यांच्या मध्ये मांडी घालून बसले आणि रुक्मिणीचे पद पुन्हा रागाच्या दारात नेऊन उभे केले. रुक्मिणी त्यात थोडी हरवते, हे मला मान्य आहे. लाजणे हरवते. मी अजूनही ते पद ऐकायचे झाले तर आधी जुनी तबकडी लावतो.

असो. डोळे दाखवायला आजोबांना धुळ्याला जावे लागले आणि मी बरोबर गेलो. एस.टी. एरंडोल, पारोळा करीत रडतखडत पोचली. वाटेत आजोबांनी बजावले, "ती तबकडी मी ऐकणार नाही. मामांना तसे सांग." मी सांगितले नाही.

संध्याकाळी मामांनी न विचारता ती लावली. मामी देवापाशी दिवा लावीत होत्या. शेजारचे शेतकरी आप्पा सुपारी कातरीत ओसरीवर बसले होते, त्यांनी जरा ऐकून अहिराणीत निकाल दिला, "गानं तेच शे, पन मानूस दुसरा शे." मामांना हे फार आवडले. त्यांनी आजोबांकडे पाहिले. आजोबा भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते.

ही तबकडी लांब चालणारी. तीन मिनिटे झाली तरी सुई खरखरेना. मधे एके ठिकाणी कुमारांचा सूर तुटल्यासारखा झाला, क्षणभर काहीच ऐकू आले नाही, आणि मग तो अगदी वेगळ्या बाजूने येऊन समेवर बसला. आजोबांचा हात गुडघ्यावर पडला. पडला तो सम बरोबर साधूनच.

बाजू संपली. मामा उठेनात, मीही जागचा हललो नाही. बऱ्याच वेळाने आजोबा डोळे न उघडता म्हणाले, "नारायणाचे नाही हे."

मग म्हणाले, "उलटी कर रे."