केशवराव भोसले नाट्यगृह

कोल्हापूर येथील संस्थानकालीन नाट्यगृह. मूळ नाव ‘पॅलेस थिएटर’. छत्रपती शाहू महाराजांनी १९०२ च्या यूरोपप्रवासात रोमचे कलोसियम पाहिले. त्या धर्तीवर खासबागेत कुस्त्यांचे मैदान उभे राहिले (१९१२) व त्यालगत हे नाट्यगृह १९१५ मध्ये पूर्ण झाले. मल्ल आणि नट यांना शेजारीशेजारी आश्रय देणारी ही योजना अपूर्वच म्हणावी लागेल. गावोगावी तात्पुरत्या मांडवांत वा भाड्याच्या जागेत खेळ करणाऱ्या नाटक मंडळ्यांना त्या काळी असा पक्का रंगमंच क्वचितच लाभे. प्रेक्षागृहात मध्ये खांब नसल्याने मागील प्रेक्षकासही प्रयोग विनाअडथळा दिसे. १९५७ मध्ये नाट्यगृहास कोल्हापूरचे गायक-नट केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे नाव देण्यात आले. हुबळीस ‘ललितकलादर्श’ मंडळी स्थापन करणाऱ्या (१९०८) या नटाचे नाव त्यास राजवाड्याच्या नावापेक्षा अधिक शोभते. ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, लागलेल्या आगीत रंगमंच व प्रेक्षागृहाचे छप्पर भस्मसात झाले. दर्शनी दगडी भाग तेवढा उरला. त्यानंतर कोल्हापूर महानगरपालिकेने मूळ रूपानुसार पुनर्बांधणी हाती घेतली.