माळावरचे तीन कुलबंधू : लांडगा, कोल्हा आणि कुत्रा

पुण्याच्या पूर्वेला पुरंदर, दौंड, बारामती, इंदापूर असा पर्जन्यछायेतला माळ पसरला आहे. या माळावर लांडगा, कोल्हा आणि कुत्रा हे एकाच कुळातले तीन प्राणी शतकानुशतके वावरत आले. त्यांपैकी कोणाला मारायचे आणि कोणाला राखायचे, याविषयी राज्यकर्त्यांचे मत मात्र दोनशे वर्षांत पार उलटले.

कंपनी सरकारने १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यास नेमले. त्याने येथील सस्तन प्राण्यांची यादी १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली. आपल्या लांडग्याला शास्त्रीय नाव मिळाले ते या यादीत. ‘पॅलिपेस’, म्हणजे फिकट पायांचा. कोळसुंद्याचे वर्णनही तिच्यात होते. थोडक्यात, हिंदी लांडग्याची शास्त्रातली नोंद दख्खनच्या माळावरून झाली.

नोंदीमागोमाग संहार आला. ब्रिटिश अमदानीत लांडगा ‘उपद्रवी’ ठरला आणि त्याला मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळू लागले. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या गणनेनुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात दोन लाखांहून अधिक लांडगे मारले गेले. त्याच काळात मारलेल्या वाघांचा आकडा ऐंशी हजारांवर जातो. वाघाच्या शिकारीच्या कथा घरोघरी पोचल्या. लांडग्याच्या मरणाची नोंद बक्षिसाच्या हिशेबातच राहिली.

कोल्ह्याच्या वाट्याला खेळ आला. विलायतेतल्या खोकडांच्या शिकारीची हौस भागवण्यासाठी साहेबांनी शिकारी कुत्रे आणवले. पुणे-खडकीच्या छावणीत ‘पूना अँड किरकी हाउंड्स’ हा ताफा होता आणि घोडेस्वार त्याच्यामागून कोल्ह्यांचा पाठलाग करीत.

भटक्या कुत्र्यांना मात्र फार लवकर वाली मिळाला. मुंबईत कुत्रे मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध जून १८३२ मध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि बाजार बंद पडले. कुत्र्यासाठी शहर उभे राहिले. लांडग्यासाठी उभे राहणारे कोणी नव्हते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला. पुढे १९७२ च्या केंद्रीय कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडग्याला स्थान मिळाले. कुत्र्यांबाबत २००१ च्या नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी करून, लस टोचून पुन्हा त्याच जागी सोडण्याची पद्धत घालून दिली. ही पद्धत शहरातल्या गल्लीचा विचार करून आखलेली आहे. माळावर ती कोणी राबवायची, हा प्रश्न तसाच राहिला.

दरम्यान माळ बदलला. कालव्यांचे पाणी आले, ऊस आला, कोंबड्यांच्या शेड आल्या. शेडबाहेर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात आणि तेथेच लांडगेही येतात. सोलापूरजवळच्या नान्नज येथील अभ्यासांत असे दिसले, की कुत्रा जवळ असला तर खोकड खाणेही आवरते घेते. कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर, पार्व्हो या रोगांच्या खुणा खोकडांच्या रक्तातही आढळल्या. पुण्याजवळच्या माळावर निसर्गप्रेमींना काही वेगळ्याच रंगाचे ‘लांडगे’ दिसले. त्यांच्या केसांच्या जनुकीय तपासणीतून लांडगा-कुत्रा संकर सिद्ध झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बंदुकीतून वाचलेला लांडगा आता रक्तातून पुसला जाण्याची भीती आहे.

या सगळ्याची किंमत धनगर मोजतो. रात्री वाघरीतून मेंढरू गेले, तर ते कोणी नेले हे सांगणे अवघड. वन्य प्राण्याने मारल्याचे पंचनाम्यात ठरले तर वनखात्याची भरपाई मिळू शकते. कुत्र्याने मारले असेल तर ती तरतूद लागू होत नाही. मग प्रत्येक मेंढरू लांडग्याच्या नावावर जमा होते, आणि त्याच्याविषयीचा जुना राग ताजा राहतो.

कायद्याने प्राण्यांवरचे शिक्के बदलले; जमिनीवरचा शिक्का बदलला नाही. ज्या गवताळ माळावर हे सारे जगतात, त्याला सरकारी दप्तर आजही ‘पडीक’ म्हणते. पडीक जमिनीवर कारखाना उभा राहू शकतो, झाडे लावता येतात, कचरा टाकता येतो. तेथील कुत्र्यांची नसबंदी, कोंबड्यांच्या शेडची स्वच्छता आणि धनगराची भरपाई ही कामे मात्र कोणाच्याच खात्यात बसत नाहीत. लांडगा राखायचा असेल, तर आधी माळाचे नाव सुधारावे लागेल.