मथळा कोणाचा, फळ कोणाला?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा अध्यक्षाबाईंचा निरोप आला, तेव्हा मी स्वयंपाकघरातील फळ्या पुसत होते. फळीवर अंथरलेले जुने वर्तमानपत्र काढले आणि नेहमीप्रमाणे पुसणे राहिले बाजूला, मी वाचीतच बसले. मथळा वाचला, खालचा मजकूर वाचला आणि इकडे दूध उतू गेले! मथळ्याचा परिणाम कसा होतो, हे असे घरबसल्या कळले. म्हणून जुन्या मथळ्यांविषयीच चार शब्द लिहिते.

पहिला मान अर्थातच ‘केसरी’चा. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. तपासणीसाठी गोरे सोल्जर घरात शिरत आणि देवघर, स्वयंपाकघर काही पाहत नसत. २२ जून रोजी प्लेगचे अधिकारी रँडसाहेब यांच्यावर गोळी झाडली गेली. मग सरकारने साऱ्या पुण्यालाच धारेवर धरले. तेव्हा ६ जुलैच्या अंकात टिळकांनी विचारले, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’

हा प्रश्न आपण घरात कोणा ना कोणाला रोज विचारतोच. पण सरकारला विचारणे निराळे! तीन आठवड्यांत टिळकांना अटक झाली. मौजेची गोष्ट अशी, की गाजला हा मथळा आणि खटला भरला तो त्याआधीच्या, १५ जूनच्या अंकातील शिवाजी महाराजांविषयीच्या मजकुरावर. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला राजद्रोहाचा अर्थ सांगितला तो असा, की सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. भगिनींनो, हाच कायदा घराला लावला, तर महिनाअखेर ज्या संध्याकाळी खर्चाचा हिशेब मागितला जातो, त्या संध्याकाळी आपल्यापैकी एकही तुरुंगाबाहेर राहणार नाही! टिळकांना मात्र अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

एवढ्याने माणूस शहाणा झाला असता. पण टिळक ते टिळकच. १९०८ साली ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ असे दोन लेख आले आणि पुन्हा राजद्रोहाचा खटला उभा राहिला. या वेळी न्यायाच्या आसनावर होते दावरसाहेब. १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी कोर्टात वकील म्हणून उभे राहिले होते, तेच हे दावर! त्यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला. टिळक मंडालेला गेले आणि तिथे त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढले.

यातले लक्षात घेण्याजोगे एवढेच, की मथळा ज्याचा, फळही त्यानेच भोगले. खाली जबाबदार माणूस होता आणि तो पळाला नाही.

पुढे काळ बदलला. १९६२ सालच्या फेब्रुवारीत, ३ ते ५ तारखांना, मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार होते. वर्तमानपत्रांतून अष्टग्रहीचे मथळे झळकू लागले. जगबुडी होणार म्हणून देशभर यज्ञ झाले आणि डबेच्या डबे तूप अग्नीत गेले. आमच्या आजेसासूबाईंकडून एका गृहस्थांनी भात उसने नेले होते. आता जगच बुडणार, तर परत कशाला करायचे, असा त्यांनी विचार केला. ग्रह आपल्या वाटेने निघून गेले. जग बुडाले नाही, भात मात्र बुडाले!

त्यानंतर आले स्कायलॅब. अमेरिकेची सुमारे ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा १९७९ सालच्या जुलैत खाली येणार होती आणि ती कोठे पडेल हे कोणी छातीठोक सांगेना. सासूबाई तेव्हा बोळिंजला नव्यानेच नांदायला आल्या होत्या. त्या सांगतात, “घरात रोज पेपर वाचून झाला की एक कोंबडी कमी व्हायची. मरायचंच आहे, तर मागे कोणासाठी ठेवायच्या?” श्रावण दोन आठवड्यांवर होता, त्या वर्षी गटारी आधीच उरकली म्हणायची. ११ जुलैला स्कायलॅब पडले ते हिंदी महासागरात आणि पार ऑस्ट्रेलियात. तिथल्या एस्परन्स गावाने कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेला ४०० डॉलर दंड ठोकला. आमच्या कोंबड्यांचा दंड कोणाला ठोकायचा? पुढे कितीतरी दिवस अंडी शेजारणीकडून विकत आणावी लागली.

म्हणजे इथे मथळा एकाचा आणि फळ दुसऱ्याला. तरी कोंबडी आणि भात यांवरच भागले, म्हणून आपण हसतो.

आता मथळा मोबाईलवर येतो आणि त्याखाली नाव कोणाचेच नसते. मुले पळवणारी टोळी आली, असे निनावी संदेश फिरले आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पोटासाठी फिरणारे पाच निरपराध लोक जमावाने मारले. १६ एप्रिल २०२० रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवांपायी दोन साधू आणि त्यांचा गाडीवाला जिवाला मुकले. इथे हसू येत नाही.

आपल्यालाही रोज असे संदेश येतात. खोटे कशाला बोलू, मीही एकदा न वाचताच एक पुढे ढकलला आणि मग दिवसभर माफी मागत बसले. तेव्हापासून मी मनाशी एक नेम केला आहे. संदेशाखाली माझे नाव लिहावे लागले असते, तर तो मी पाठवला असता काय? उत्तर नाही असे आले, की तो तिथेच पुसून टाकते.

टिळकांएवढे धैर्य आपणा साऱ्यांत कोठून येणार? पण आपल्या शब्दाखाली आपले नाव घालण्याइतके तरी यावे. मंडळाच्या वर्धापनदिनी एवढाच नेम सर्व भगिनींनी करावा, अशी माझी विनंती आहे. आणि हो, हा लेख वाचताना कोणाचे दूध उतू गेले, तर त्याची जबाबदारी माझी. खाली माझे नाव आहेच!