जुनं ते सोनं? घुब्र्यातल्या एका सर्व्हरची आणि ओपनएसएसएलची हकीकत



८ एप्रिल २०१४. मंगळवार, आणि रामनवमी. सौ.ने डब्याबरोबर सुंठवड्याची पुडी दिली होती ती अजून खिशातच होती, आणि घुब्र्यातल्या आमच्या ऑफिसात (नाव सांगत नाही, तिथल्या लोकांशी अजून ऊठबस आहे) शिरतो न शिरतो तोच साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर बातमीचं प्रिंटआउट. "हे काय आहे? आपण बुडालो का?"

बातमी होती हार्टब्लीडची. आदल्या रात्री जाहीर झालं होतं की ओपनएसएसएल नावाच्या लायब्ररीत मोठं भगदाड आहे. ब्राउझरमध्ये तेव्हा कुलपाचं चित्र दिसायचं ना, त्यामागचं कुलूप निम्म्याअधिक जगात याच लायब्ररीने घडवलेलं असायचं. आमच्या मेल सर्व्हरवरही तीच होती. मी जागेवर जाऊन आवृत्ती बघितली. ०.९.८. आमच्या आधीच्या कुणीतरी हाताने कम्पाइल करून बसवलेली आणि नंतर कुणीही हात न लावलेली. भगदाड होतं १.०.१ पासून १.०.१ एफपर्यंतच्या आवृत्त्यांत, म्हणजे मार्च २०१२ नंतरच्या. आमचं गाडं त्याच्या कितीतरी मागे अडकलेलं, म्हणून वाचलेलं!

मी परत केबिनमध्ये गेलो आणि छाती फुगवून म्हणालो, "सर, जुनं ते सोनं." साहेब केरळचे, पण म्हणीचा अर्थ सांगितल्यावर त्यांना ती इतकी आवडली की पुढची दोन वर्षं सर्व्हर बदलायचा प्रस्ताव मी ठेवला की ते तीच म्हण मला मोडक्या मराठीत ऐकवायचे. सुंठवडा मात्र आम्ही दोघांनी मिळून खाल्ला.

आता हार्टब्लीड म्हणजे नक्की काय, ते आयटीत नसलेल्या मंडळींसाठी. दोन संगणकांचं बोलणं चालू असताना मध्येच एक दुसऱ्याला विचारतो, "आहेस ना रे? असशील तर 'आंबा' हा शब्द परत पाठव, इतकी इतकी अक्षरं आहेत." दुसरा तो परत पाठवतो. गोची अशी झाली की अक्षरं किती आहेत हे मोजायचं राहूनच गेलं. समोरचा सांगेल तो आकडा खरा धरला गेला. मग कुणी लबाडीने "आंबा, अक्षरं चौसष्ट हजार" असं म्हटलं की बिचारा सर्व्हर आंब्याच्या पुढे मेमरीत जे काही पडलेलं असेल ते चौसष्ट हजारांपर्यंत वाढून द्यायचा. त्यात कुणाचे पासवर्ड, कुणाची पत्रं, कधी सर्व्हरची स्वतःची गुप्त किल्लीसुद्धा. आणि साध्या लॉगमध्ये त्याची नोंदही नाही.

हा कोड रॉबिन सेगलमन या जर्मन संशोधकाने लिहिला, स्टीफन हेन्सन यांनी तपासला आणि ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री, नववर्षाच्या तोंडावर, तो ओपनएसएसएलमध्ये दाखल झाला. दोघांच्याही नजरेतून ती एक तपासणी सुटली. पुढे ती चूक गूगलचे नील मेहता आणि फिनलंडच्या कोडेनॉमिकॉन कंपनीची माणसं, अशा दोघांनी वेगवेगळी शोधून काढली.

या दोघांना शिव्या घालणाऱ्यांची तेव्हा रीघ लागली होती. पण नंतर जे बाहेर आलं ते वाचून मला तरी शिव्या घालाव्याशा वाटल्या नाहीत. ओपनएसएसएलला वर्षाला देणग्या मिळत सुमारे दोन हजार डॉलर. पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक, हेन्सनच. बाकीचे आपापल्या नोकऱ्या सांभाळून. आणि त्या जिवावर बँका, विमान कंपन्या, सरकारं, सगळे आयत्या पिठावर रेघोट्या ओढत बसलेले.

मस्कतकरांना हे समजायला जड जाऊ नये. घुब्र्याच्या किनाऱ्यावर १९७६ पासून समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना उभा होता. त्याच्या शेजारून रोज जाताना आपल्यापैकी किती जणांना वाटलं असेल की आपल्या फ्लॅटमधला नळ याच्यावर चालतो? जून २००७ मध्ये गोनू वादळात तो बंद पडला आणि टँकरपुढे बादल्या घेऊन उभं राहावं लागलं, तेव्हा कळलं. हार्टब्लीडनंतर तसंच झालं. लिनक्स फाउंडेशनने मोठमोठ्या कंपन्यांकडून पैसे गोळा केले, आणखी माणसं पूर्ण वेळ लागली. ओपनबीएसडीच्या मंडळींनी तर वैतागून ओपनएसएसएलची वेगळी चूल मांडली, लिब्रेएसएसएल नावाची, आणि पहिल्या काही दिवसांतच हजारो ओळींचा जुना कोड काढून फेकला.

तो जुना कोड कुठून आला होता, ही खरी गोष्ट. आणि त्यात आपल्या देशाचंही एक पान आहे.

१९९० च्या दशकात अमेरिकेत एनक्रिप्शन हे युद्धसामग्रीत मोजलं जायचं. नेटस्केपने ब्राउझर काढला तेव्हा अमेरिकनांसाठी १२८ बिटांची किल्ली आणि परदेशी पाठवायच्या मालात ४० बिटांची. आरएसएची किल्लीही निर्यातीसाठी ५१२ बिटांपुरती. म्हणजे जाणूनबुजून कच्चं कुलूप. ऑगस्ट १९९५ मध्ये दामियाँ दोलिजे या फ्रेंच संशोधकाने १२० वर्कस्टेशनं आणि दोन मोठे संगणक लावून असा एक ४० बिटांचा संदेश आठ दिवसांत फोडला. जानेवारी १९९७ मध्ये बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग याने ४० बिटांचंच दुसरं एक कोडं साडेतीन तासांत.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात एरिक यंग आणि टिम हडसन यांनी एसएसएलइएवाय नावाची लायब्ररी लिहिली, फुकट आणि सर्वांना खुली. नावाच्या शेवटची तीन अक्षरं यंग यांच्याच नावाची आद्याक्षरं. ऑस्ट्रेलियात लिहिल्यामुळे तिला अमेरिकेचा निर्यात कायदा लागू नव्हता. पण गंमत बघा, परदेशातल्या लोकांच्या हातात ब्राउझर तर अमेरिकेतून निर्यात झालेला, कच्च्या कुलपाचाच! त्याच्याशी बोलायचं तर आपल्याकडेही कच्चं कुलूप ठेवणं भाग. ते ठेवलं. डिसेंबर १९९८ मध्ये यंग-हडसन दुसरीकडे गेल्यावर इतरांनी काम पुढे चालवलं आणि नाव ठेवलं ओपनएसएसएल. कच्चं कुलूपही वारसाहक्काने आलं.

आणि आपल्याकडे? १९९९ च्या आसपास खाजगी इंटरनेट कंपन्यांना दिल्लीहून जे परवाने दिले गेले, त्यांत कलम होतं की ४० बिटांपर्यंतच्या किल्लीला परवानगीची गरज नाही. त्याहून मोठी वापरायची तर परवानगी घ्या आणि किल्लीचे दोन भाग करून सरकारजमा करा. कलमात शब्द होते "आरएसए किंवा तत्सम पद्धतीत ४० बिट". आरएसएमध्ये ४० बिट म्हणजे बारा-तेरा आकडी संख्या. तिचे दोन मूळ अवयव शोधायचे, बस्स! देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी असलं काम कागद-पेन्सिलीवर हसत हसत केलं असतं, आणि कुठल्याही पोराचा संगणक ते चुटकीसरशी करतो.

इकडे मुंबईत रिझर्व्ह बँकेने जून २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगचे नियम काढले. त्यांत म्हटलं होतं की ब्राउझर आणि बँकेच्या सर्व्हरमध्ये किमान १२८ बिटांचं एसएसएल हवंच. म्हणजे दिल्लीचा हुकूम ४० च्या वर जाऊ नका आणि मुंबईचा हुकूम १२८ च्या खाली येऊ नका! मस्कतहून पुण्या-नाशिकच्या खात्यात पैसे टाकणारे आपण सगळे तेव्हा नक्की कुठला कायदा पाळत होतो, देव जाणे. मुंबईचं ऐकलं म्हणून पैसे पोचले एवढं खरं. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये दिल्लीने राष्ट्रीय एनक्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला. सामान्य माणसानेसुद्धा आपले संदेश ९० दिवस उघड्या रूपात जपून ठेवावेत असं त्यात होतं. इतका गदारोळ झाला की दोन-चार दिवसांत तो मागे घ्यावा लागला.

अमेरिकेने जानेवारी २००० मध्ये निर्यातीचे निर्बंध बरेच सैल केले. कच्च्या कुलपाची गरज संपली. पण ते काढून टाकायचं काम कुणाचं? कुणाचंच नाही. ते राहिलं.

मार्च २०१५ मध्ये त्याचा हिशेब आला. फ्रीक नावाचा हल्ला जाहीर झाला. मध्ये बसलेला चोर सर्व्हरला सांगतो, "गिऱ्हाईक जुनं आहे, निर्यातीची छोटी किल्ली दे." सर्व्हर ५१२ बिटांची देतो. ती किल्ली संशोधकांनी ॲमेझॉनचे संगणक भाड्याने घेऊन सुमारे शंभर डॉलर खर्चात आणि सात-एक तासांत फोडून दाखवली. आता आमचा ०.९.८ आठवा. मागितलं की ती किल्ली द्यायला तो तयारच होता, मूळ सेटिंगच तसं. मी सेटिंगमधून ती काढली आणि परत प्रस्ताव ठेवला. "जुना ते सोना," साहेब म्हणाले.

मला राग आला होता का? आला होता. पण वाक्य माझंच होतं.

१ मार्च २०१६ ला ड्राउन आला. एसएसएलची दुसरी आवृत्ती १९९५ सालची, तेव्हाच सदोष ठरलेली. ती कुणी वापरत नाही म्हणून बंद करायचंही कुणाच्या लक्षात नव्हतं. संशोधकांनी दाखवलं की सर्व्हर ती नुसती चालू ठेवत असेल तरी तिच्या आडून, त्याच किल्लीने चाललेलं आजचं चांगलं एनक्रिप्शन उघडता येतं. साधारण ४४० डॉलर आणि आठ तास. आणि मार्च २०१५ च्या आधीचं ओपनएसएसएल असेल, तर त्यातल्या आणखी एका चुकीमुळे एका साध्या पीसीवर मिनिटभरात. त्यांच्या मोजणीनुसार जगातल्या एचटीटीपीएस सर्व्हरांपैकी ३३ टक्के यात सापडत होते. त्यातले निम्मे तर स्वतः निर्दोष. त्यांची किल्ली दुसऱ्या कुठल्यातरी जुन्या यंत्रावरही होती एवढाच त्यांचा गुन्हा.

आमचं नेमकं हेच. वेबसाइट नव्या सर्व्हरवर, नव्या लायब्ररीवर, मी स्वतः लक्ष घालून बसवलेली. त्याच साइटच्या पोर्टलवर साइटवरचे कामगार पासपोर्टच्या, लेबर कार्डाच्या प्रती चढवायचे. आणि प्रमाणपत्राचे पैसे वाचवायला मी तीच किल्ली मेल सर्व्हरवरही ठेवली होती. पुढच्या दाराला गोदरेजचं कुलूप, मागच्या दारात तीच किल्ली पायपुसण्याखाली. हे दुसऱ्या कुणी नाही, मी केलं होतं.

०.९.८ ला या वेळी दुरुस्ती मिळणार नव्हती. तिची मुदत ३१ डिसेंबर २०१५ ला संपली होती, म्हणजे दोनच महिने आधी. एप्रिल २०१४ मध्ये तिने आम्हाला वाचवलं ते ती भक्कम होती म्हणून नव्हे. ज्या खोलीत आग लागली ती खोली तिच्या घरात बांधलेलीच नव्हती म्हणून. बाकी घराला वाळवी लागलेली होतीच.

याच्या उलटही घडलेलं आहे, तेही सांगायला हवं. २००६ मध्ये डेबियनच्या एका स्वयंसेवकाने ओपनएसएसएलमधल्या, तपासणीच्या साधनाला खुपणाऱ्या दोन ओळी स्वच्छतेसाठी म्हणून काढल्या. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. किल्ली बनवताना लागणारा यदृच्छेचा सगळा मसाला त्या ओळींतून येत होता. मागे उरला फक्त प्रोसेसचा नंबर. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर एका मापाच्या किल्ल्या जेमतेम ३२,७६७. मे २००८ मध्ये लुचियानो बेल्लोच्या ध्यानात येईपर्यंत डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या सगळ्या त्यातल्याच. तेव्हा मी उबुंटू नवीनच वापरायला लागलो होतो आणि अपडेट आलं की लगेच टाकायचो :-)

सध्याचं म्हणाल तर १.१.१ ची मोफत मुदत ११ सप्टेंबर २०२३ ला संपली, ३.० ची ७ सप्टेंबर २०२६ पर्यंतची. घरी राउटर, कॅमेरा, जुनी स्टोरेजची डबी असेल तर तिच्या आत कुठली आवृत्ती आहे हे बनवणारा आपण होऊन सांगत नाही. विचारावं लागतं.

आमच्या ऑफिसचं असं झालं. २ मार्च २०१६ ला सकाळी मी साहेबांना दोन्ही सर्व्हरांची किल्ली एकच आहे हे कागदावर काढून दाखवलं. त्यांनी म्हण म्हटली नाही. दुपारपर्यंत तो सर्व्हर बंद. नवी किल्ली, नवं प्रमाणपत्र. या हल्ल्यात चोर आधी नुसता तारेवरचा मजकूर साठवून ठेवतो आणि नंतर सवडीने उघडतो, त्यामुळे आमच्याकडून काही गेलं की नाही हे आम्हाला तेव्हाही कळलं नाही आणि आता कधीच कळणार नाही.

कामगारांना सांगायचं की नाही यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी मीच साइटवर जाऊन सांगितलं, हिंदीत, जमेल तसं. पासवर्ड बदला म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक वयस्कर फोरमन मागे थांबला. म्हणाला, "साब, पासवर्ड तो बदल दिया. पासपोर्ट का नंबर कैसे बदलूँ?"

मी काही बोललो नाही. त्याने माझ्यासाठी चहा मागवला.

चूभूद्याघ्या.

आपलाच,
एक घुब्राकर