सिस्टम रिस्टोर : फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

प्रिंटरचा नवा ड्रायव्हर टाकला आणि कॉम्प्युटर सारखा हँग होऊ लागला, की दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅट मारण्याचा. त्यात सी ड्राइव्हवरचे, म्हणजे डेस्कटॉपवर ठेवलेले फोटो आणि कागदपत्रेही जातात.

त्याआधी सिस्टम रिस्टोर करून बघा. २००० सालच्या विंडोज मिलेनियम एडिशनपासून ही सोय आहे. सिस्टम फाइल्स, ड्रायव्हर आणि रजिस्ट्री यांची त्या दिवशीची स्थिती विंडोज जपून ठेवते. तिला रिस्टोर पॉइंट म्हणतात. कॉम्प्युटर त्या पॉइंटवर परत नेला, की नंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर निघून जातात. फोटो, वर्ड-एक्सेलच्या फाइल्स मात्र जागेवर राहतात. डिलीट झालेला फोटो यातून परत मिळत नाही, म्हणून याला बॅकअप समजू नका.

खरी मेख अशी, की बऱ्याच कॉम्प्युटरवर ही सोय बंदच असते. आजच स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' शोधा, सी ड्राइव्ह निवडा, 'कॉन्फिगर'मधून प्रोटेक्शन चालू करा आणि 'क्रिएट' दाबा. मागे जायचे असेल तेव्हा तिथेच 'सिस्टम रिस्टोर' हे बटण आहे.

विंडोज उघडतच नसेल, तर सुरू होताना पॉवर बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद करा. दुरुस्तीचा स्क्रीन येईल; त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. बिटलॉकर चालू असेल तर इथे रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते.

रिस्टोर मध्येच थांबवू नका. लाइट जाण्याचा भरवसा नसेल, तर यूपीएस लावूनच सुरुवात करा.